दारवानाचा पाचवा जीव

मित्रांनो, मी एक जुना दारवान आहे आणि अतिशय भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण चित्रावरून तुमचा गैरसमज होईल. चित्रात मला भरघोस मिशा आहेत, हातात माझ्याहून उंच भाला आहे आणि कपाळावर अशी आठी आहे की पाहणाऱ्याला दरारा वाटावा. पण नीट पाहिलंत तर माझे गुडघे किंचित वाकलेले दिसतील.

मी एक पत्ता आहे. कागदाचा नव्हे, फोनवर आणि टॅबवर खेळतात त्या खेळातला. दोघं जण खेळतात. प्रत्येकाने तीस पत्ते निवडून आधीच आपला डेक लावून ठेवलेला असतो. आपापलं घर सांभाळायचं आणि दुसऱ्याचं पाडायचं, एवढाच काय तो खेळ. मी घराच्या दारात उभा राहतो. मी आहे तोवर शत्रूला आत जाता येत नाही, आधी माझ्याशी गाठ. माझ्या चित्राखाली दोन आकडे होते: घाव एक, जीव पाच. खेळणाऱ्या प्रत्येकाकडे माझी एक प्रत असते. त्यामुळे मी एकाच वेळी हजार दारांत उभा असतो आणि हजार ठिकाणी घाबरतो.

मला सगळ्यात जास्त भीती लांडग्याची. तो स्वस्त पत्ता आहे, म्हणून सगळ्यांच्या डेकमध्ये असतो, आणि त्याचा घाव चारचा असतो. तो धावून आला की मी भाल्यामागे लपायला बघतो. पाचातून चार गेले की माझ्यात एक जीव उरतो. त्या एका जीवावर, जीव मुठीत धरून, मी आणखी एका लांडग्याला अडवतो. माझी सगळी कर्तबगारी त्या पाचव्या जीवात होती. तो नसता तर मी पहिल्याच घावाला आडवा झालो असतो आणि मला कुणी विचारलंही नसतं.

माझा जन्म एका कचेरीत झाला. चित्रकार बाईंनी मला तीन दिवसांत काढलं. त्यांचे वडील एका मोठ्या दुकानाच्या दारात रखवालदार होते. बारा बारा तास उभे. दाराशी स्टूल होतं, पण मॅनेजरची नजर असेपर्यंत त्यावर टेकायची सोय नव्हती. माझे गुडघे त्यांचे आहेत. बाईंनी माझ्या मागे, सावलीत, एक लाकडी स्टूलही काढलं. पण मित्रांनो, पडद्यावर मी नखाएवढा दिसतो. ते स्टूल म्हणजे तिथे एक तपकिरी ठिपका.

माझे आकडे ठरवले ते तराजूंनी. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण कचेरीत सगळे त्यांना तराजूच म्हणतात. कुठला पत्ता डोईजड झाला, कुठला निकामी ठरला, हे मोजून आकडे कमीजास्त करणं हे त्यांचं काम. माणूस सज्जन आहे. तरीही महिन्यातून एकदा, मंगळवारी सकाळी अकराला, त्यांची बदलांची यादी बाहेर पडते आणि आम्हा पत्त्यांच्या तोंडचं पाणी पळतं. आमच्यात एक वादळ नावाचा पत्ता होता. काय त्याचा रुबाब! एका मंगळवारी त्याला डावात उतरवायची किंमत तीनवरून आठ झाली. आता त्याला कुणी हात लावत नाही. त्याच्याकडे पाहिलं की मला माझं भविष्य दिसायचं.

पहिली चार वर्षं मी तसा बिनधोक होतो, कारण मला कुणी घेतच नव्हतं. सगळ्यांना झटपट डेक हवे असत. एका पाळीत आठ-दहा पत्ते फेकायचे आणि समोरच्याला श्वासही घेऊ द्यायचा नाही. मी संग्रहाच्या तळाशी पडून होतो. एकटं वाटायचं, पण लांडगा तरी दिसत नव्हता.

मग मला टाचणीने उचललं.

टाचणी हे तिचं खेळातलं नाव. खरी ती छप्पन्न वर्षांची शिवणकाम करणारी बाई. दुकान दोघी बहिणींचं. कापड बेतायचं मोठीने आणि शिवायचं धाकटीने, अशी त्यांची वाटणी. आणि एके दिवशी ब्लाउजच्या कापडावर खडूने रेघ ओढता ओढता मोठीचा, म्हणजे टाचणीचा, उजवा हात लुळा पडला. दवाखान्यातून ती घरी आली, पण हात पूर्वीचा राहिला नव्हता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी तिच्यापुढे टॅब ठेवला आणि म्हणाल्या, "रोज तासभर यावर काहीही खेळा. पण उजव्याच हाताने हं. डावा मध्ये आला की उजवा आळशी होणार, आणि मग कात्री विसरा."

तिला कात्री विसरायची नव्हती.

सुरुवातीला फार हाल झाले. एका पाळीला सत्तर सेकंद मिळतात. ती एक पत्ता उचलायची, बोट थरथरायचं, पत्ता निसटून जागेवर जायचा. कधी बोट उचलायलाच जमायचं नाही. पत्त्यावर बोट रेंगाळलं की त्याचं चित्र पडदाभर मोठं होतं, आणि ते बंद करेपर्यंत वेळ संपायचा. धाकटी मशीनवरून ओरडायची, "ताई, हरलीस ना परत? ठेव ते आणि जेव आधी!"

"पाळीला दोन पत्ते हलतात माझे. दोन पत्त्यांत होईल असा डेक लावते," ती म्हणायची.

त्या डेकचा मी पाया होतो. मला दारात उभं केलं की लांडगे अडायचे आणि तिला सवड मिळायची. शिवाय ती कापड कापण्याआधी तीनदा मोजणारी बाई. घाईने खेळणारे जिथे चुकायचे, तिथे ती चुकत नसे. मी चळचळा कापत उभा राहायचो आणि ती सावकाश जिंकायची. दीड वर्षात ती खेळातल्या पहिल्या शंभरांत पोचली. धाकटीने दुकानात ज्याला त्याला सांगितलं. एका गिऱ्हाइकाने तर "कसले शंभर?" असं विचारून अर्धा तास ऐकून घेतलं.

आणि इथेच माझं नशीब फिरलं. पहिल्या शंभरांत कुणी नवा डेक आणला की लोक तो उतरवून घेतात. हजारो जणांनी मला घेतलं. पण त्यांनी डेकबरोबर तिचा संथपणाही उचलला! टाचणी दर पाळीला अडुसष्ट सेकंद घेते, म्हणजे त्यातच काहीतरी गोम असणार, समोरच्याला चिडवून चुकवायची युक्ती असणार, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. धडधाकट हातांची माणसं मला दारात उभं करून अडुसष्ट सेकंद भिंतीकडे बघत बसू लागली.

खेळाच्या चर्चेच्या पानावर माझ्या नावाने शिमगा सुरू झाला.

"दारवान आला की मी आंघोळ करून येतो."

"हा पत्ता आहे की झोपेची गोळी?"

"टाचणी म्हणजे नक्की कुणीतरी रिकामटेकडा पोरगा. मुद्दाम छळतो."

"त्याचे पाचाचे चार करा, नाहीतर मी खेळ काढून टाकतो."

त्या शेवटच्या वाक्याखाली दोन हजार अंगठे होते. माझी पाचावर धारण बसली. दारात उभं राहून लांडग्याची भीती वाटायची ती निदान पाळीपुरती. ही भीती चोवीस तासांची होती. मी यादीचे मंगळवार मोजू लागलो. एक गेला, माझं नाव नव्हतं. दुसरा गेला, नव्हतं.

तिसऱ्या मंगळवारच्या आदल्या दुपारी तराजूंच्या पडद्यावर मी उघडा होतो. चित्रकार बाई त्यांच्या टेबलाशी उभ्या होत्या.

"एरवी डाव नऊ मिनिटांत संपतो. दारवान असला की सतरा," तराजू म्हणाले.

"आणि जिंकतो किती?"

"शंभरात एक्कावन्न."

"मग बिघडलं कुठे? निम्मे जिंकणार, निम्मे हरणार. समतोल आणखी काय असतो?"

"अगं, जिंकण्याचं नाही, कंटाळ्याचं आहे. लोक डाव अर्धवट टाकून जातायत. पत्ता दुबळा असला तरी चालतो, कंटाळवाणा नाही चालत."

"मला एक डाव दाखव. त्या टाचणीचाच दाखव."

खेळलेल्या प्रत्येक डावाची नोंद राहते, बोट कुठून कुठे सरकलं त्या रेघेसकट. बाईंनी ती रेघ पाहिली. पत्ता उचलला गेला, अर्ध्या वाटेत थरथरला, निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. तिसऱ्यांदा मी दारात पोचलो तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते.

बाईंनी पडद्यावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "हा वेळ काढत नाहीये रे. ह्याला पत्ता उचलता येत नाहीये. बाबा दवाखान्यातून आल्यावर चमचा असाच धरायचे."

तराजूंनी तो डाव पुन्हा पाहिला. मग आणखी दोन पाहिले. त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, सुटलो! माझा जीव भांड्यात पडणार इतक्यात ते म्हणाले, "पण यादी सकाळीच पुढे गेली. आणि बाकीचे हजारो तर मुद्दामच करतायत ना. आता थांबवायचं तर काय सांगू मी? एका हातासाठी?" त्यांनी एका चिठ्ठीवर 'हात?' असं लिहिलं आणि ती पडद्याच्या कडेला चिकटवली. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले. पुढच्या महिन्यात साठ नवे पत्ते आले आणि चिठ्ठी त्यांच्या गर्दीत राहून गेली. ती अजून तिथेच आहे.

मंगळवारी अकराला मी चारचा झालो. दुखलं नाही. आकडा बदलताना काहीच दुखत नाही, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

टाचणीने दुपारी टॅब उघडला. तिने यादी वाचली नव्हती. नेहमीसारखं तिने मला तीन प्रयत्नांत दारात आणलं. लांडगा धावला. तो घाव अंगावर येताना, मित्रांनो, मला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली नाही. मला तिच्या हाताची भीती वाटली. मी पडलो आणि दुसरा लांडगा माझ्यावरून आत गेला.

त्या आठवड्यात ती ओळीने अकरा डाव हरली. धाकटी मशीन थांबवून जवळ आली. "ताई, डाव्या हाताने खेळ की. कोण बघतंय?"

टाचणीचा डावा हात टॅबकडे आला. मी हजार दारांत उभा राहून थिजलो. डावा एकदा आला की उजवा मागेच राहणार, उजव्याबरोबर कात्री जाणार आणि पोटमाळ्यावर ठेवलेलं तिचं बेतायचं टेबल कायमचं तिथेच राहणार, हे मला ठाऊक होतं. ते टाळायला माझ्याकडे तो पाचवा जीव आता नव्हता.

तिने डावा हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला. "मी बघतेय ना," ती म्हणाली.

पुढचे सात महिने ती नुसती हरत होती. पहिल्या शंभरांतून घसरत घसरत नवशिक्यांच्या पायरीवर आली. पण पाळीला दोनाचे तीन पत्ते हलू लागले. पुढे चार हलले. मी घाबरत घाबरत मोजत होतो, कारण प्रत्येक जास्तीच्या पत्त्याबरोबर तिला माझी गरज कमी होत होती. ज्या दिवशी पाळीत सहा पत्ते हलले, त्या दिवशी धाकटीने न सांगता टेबल खाली काढून ठेवलं. टाचणीने अस्तराचा एक तुकडा उजव्या हाताने कापला. रेघ वाकडी आली. धाकटी म्हणाली, "बघ की, माझ्यापेक्षा सरळ आहे!" मग दोघी हसल्या आणि दोघींनी डोळे पुसले.

त्याच संध्याकाळी तिने नवा डेक लावायला घेतला. मी समजून चुकलो. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते समोर येऊन ठेपलं होतं. तिचं बोट माझ्यावर आलं आणि तिथेच थांबलं. या वेळी ते अडकलं नव्हतं, तिने मुद्दाम टेकवलं होतं. माझं चित्र पडदाभर मोठं झालं. तिने चष्मा सारखा केला आणि वाकून पाहिलं.

"अगं बाई, ह्याच्या मागे स्टूल आहे की!" ती धाकटीला म्हणाली. "आणि दोन वर्षं मी याला उभंच ठेवलं." मग तिने मला अलगद डेकमधून बाहेर काढलं, आणि म्हणाली, "बसा हो आता, भाऊ. दार मी बघते."

मित्रांनो, तुमच्यातले काही जण उद्या तराजूंच्या खुर्चीत बसतील. आकडा जरूर कमी करा, तो तुमचा अधिकार आहे. फक्त आधी त्या बोटाची रेघ एकदा पाहून घ्या. आणि खेळणाऱ्यांनो, समोरचा फार वेळ लावतोय असं वाटलं, तर शिवी टाइप करण्याआधी त्याला सत्तर सेकंद द्या. त्याच्यासाठी ते खूप असतात आणि तुमचं त्यात काही जात नाही.

मी आता तळाशी आहे, वादळाच्या शेजारी. मंगळवार आला की अजूनही धडकी भरते. पण पूर्वी उभा राहून घाबरायचो, आता बसून घाबरतो.