लवंगीचा कान

भिवंडीजवळच्या वळ गावात कुत्र्याचं काम ठरलेलं असतं: शिळी भाकरी खायची, दारात पडायचं आणि अनोळखी ट्रकवर भुंकायचं. त्यामुळे केसरीनाथांच्या सुनेनं, मृणालीनं, घरच्या गोठ्यात विलायती टेरियर कुत्रे पाळायला घेतले तेव्हा गावाला आयतीच करमणूक मिळाली. शेतावर गोदामं उठली, भाडं सुरू झालं, म्हशी विकल्या गेल्या आणि मोकळ्या गोठ्यात सुनेनं पिंजरे मांडले. तेही एक वेळ गावानं पचवलं असतं. पण ही बाई दुपारी कुत्रीला टेबलावर उभी करून तिचे केस चिमटीनं उपटत बसायची. या जातीचे केस तारेसारखे राठ असतात. कातरी लावली की मऊ पडतात, रंग उतरतो आणि कुत्र्यांच्या शोमध्ये जज पुन्हा वळूनही बघत नाही. जुने केस हातानंच काढायचे, म्हणजे नवे तसेच राठ येतात. कुत्रीला ते दुखत नाही, उलट तिला पेंग येते. पण हे गावाला कोण सांगणार? "केसरीनाथची सून कुतरीला कोंबडीवानी सोलते," एवढंच गावानं लक्षात ठेवलं.

त्या कुत्रीचं शोमधलं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं. घरात ती लवंगी. मृणालीला पहिली कुत्री दिली होती भिवंडीच्या आल्हादकाकांनी, बँकेतून निवृत्त झालेल्या आणि जन्मभर टेरियर पाळलेल्या गृहस्थांनी. त्या कुत्रीच्या दुसऱ्या पिल्लावळीतली लवंगी मृणालीच्या हातावरच जन्मली. मृणालीनं तिला उभं राहायला शिकवलं, मान वर ठेवून चालायला शिकवलं, गावोगावच्या शोमधून फिरवलं. शोमध्ये पहिलं येऊन ठरावीक सर्टिफिकेटं मिळवली की कुत्री चॅम्पियन ठरते; लवंगीचं आता शेवटचं एकच राहिलं होतं.

आणि आता सगळं त्या एकावरच येऊन ठेपलं होतं, कारण २००६च्या दिवाळीत केसरीनाथांनी पैज लावली. गोदामाच्या नव्या भाडेकरूला रस्त्याकडेला ऑफिस हवं होतं आणि गोठा नेमका रस्त्याला लागून.

"तुजी कुतरी या थंडीन चॅम्पियन झाली तर गोठा तुजा," ते ओटीवर सगळ्यांदेखत म्हणाले. "न्हाय झाली तर मोडला. हाय कबूल?"

मृणालीच्या डोक्यात राग गेला. "कबूल," ती म्हणाली.

"तू कशाला हो बोललीस?" नवऱ्यानं, भाविकनं, रात्री विचारलं. बापासमोर हाच भाविक मान खाली घालून चिवडा खात होता.

सासूचं, गोदूबाईंचं, दुखणं निराळंच होतं. "दूध पिते, अंडी खाते, आन् उंदीर पकडत न्हाय. असली कुतरी काय कामाची?"

हे बोलणं मात्र खरं होतं. पण त्यात लवंगीचा दोष नव्हता. बिळात शिरून शिकार बाहेर काढायला जी जात माणसानं घडवली, तिला मृणाली फरशीवरून मातीत उतरू देत नव्हती. उकरलं तर नखं झिजतील, अंगावर ओरखडा आला तर जज काय म्हणेल, ही धास्ती. वाघीण पाळायची आणि तिला वरणभात घालायचा, तसला हा प्रकार होता.

शोच्या आदल्या आठवड्यात मोरीमागच्या गटारात घूस निघाली. घूस म्हणजे मांजरसुद्धा जिच्या वाटेला जात नाही असं धूड. तिची चाहूल लागली आणि लवंगीनं टेबलावरून उडी मारली ती थेट गटारात. आतून झटापटीचे आवाज येऊ लागले तशी मृणाली गटाराच्या तोंडाशी धावली. ती हाका मारत राहिली, पण हाकांना कोण विचारतो! शेवटी लवंगी चिखलानं माखून बाहेर आली. तोंडात मेलेली घूस, डावा कान फाटून रक्त गळतंय, आणि शेपूट अशी ताठ की कुठल्याही शोमध्ये कधी झाली नव्हती. मृणालीला रडू कोसळलं. त्याच वेळी तिचा ऊर अभिमानानं भरून आला, आणि दोन्हीतलं काय आवरावं तेच तिला कळेना.

डॉक्टरांनी टाके घातले. रक्त थांबलं, पण कानाच्या कडेला खाच राहिली ती राहिलीच.

शो मुंबईच्या एका मैदानावर होता. मांडवात आल्हादकाकांनी तो कान उलटसुलट करून पाहिला आणि पिशवीतून गमाची बाटली काढली.

"कानाची घडी अशी चिकटवायची. खाच आत जाते. वरून खडूची पूड लावू. घडी नीट बसलेली असली की जज कान उलगडत बसत नाहीत."

"काका, हे चालतं?"

"चालत नाही. करतात सगळे." काका चिडले नव्हते, त्यांना तिची काळजी होती. "गोठा जाईल तुझा, मृणाली. कुत्री कुठं ठेवशील? भाविकच्या कपाटात?"

तिनं बाटली घेतली. झाकणही उघडलं. लवंगी टेबलावर उभी राहून शेजारच्या कुत्र्यावर गुरगुरत होती. मृणालीच्या मनात आलं, हिची चाल मी घडवली, केस मी राखले, उभं राहणंसुद्धा माझंच. हा कान तेवढा हिनं स्वतः कमावला, आणि नेमका तोच मी चिकटवून टाकणार? घरी पाहुणे आले की सासरे पिंजऱ्यांवर ताडपत्री टाकायला सांगत. लग्नाकार्यात कुणी "काय करतेस" विचारलं की ती स्वतःच "घरीच असते" म्हणून मोकळी व्हायची. आणखी किती झाकायचं? तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग सणसणीत राग आला.

"न्हाय लावत," ती म्हणाली आणि बाटली काकांच्या हातात परत दिली.

जज दक्षिणेकडून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी लवंगीचे दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला. ते पुढं सरकणार तेवढ्यात मृणालीनंच कान उचलून दाखवला.

"सर, ये कान फटा है. बड़ा चूहा मारा इसने," तिनं दोन्ही हातांनी घुशीचं माप दाखवलं.

जज मोठ्यानं हसले. "टेरियर है, चूहा नहीं मारेगी तो क्या करेगी? इसका नंबर नहीं कटता." आणि त्यांनी कौतुकानं त्या खाचेवर बोट फिरवलं.

टाके अजून ओले होते. लवंगी कळवळली, मान झटकून मागं सरली. मग रिंगणात फेरी मारताना ती मान वाकडी करून चालली आणि शेपूट खाली पडली. टेरियरनं रिंगणात शेपूट पाडली की संपलं. सर्टिफिकेट पुण्याच्या कुत्रीला गेलं, लवंगी दुसरी आली. जजनं अन्याय केला म्हणावं तर तेही नाही. माणूस सरळ होता आणि निकालही सरळ होता.

"गम लावला असतास तर त्यानं तिथं बोट लावलंच नसतं," काका हळूच म्हणाले. मृणालीला ते कळत होतंच. परतीच्या वाटेवर तिनं लवंगीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

घरी पोचली तर गोठ्यासमोर काळूराम गवंडी पहार घेऊन उभा. केसरीनाथांनी त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं. इतका सुनेवर विश्वास.

"झाली चॅम्पियन?"

"न्हाय. दुसरी आली. मीच जजला फाटका कान दाखवला. लपवला असता तर जिंकली असती."

"मंग लपवायचा ना!" भाविकच्या तोंडून निसटलं.

केसरीनाथांनी मान डोलावली. "ठरलं ते ठरलं. काळूराम, लाव पहार."

मृणाली लवंगीला काखोटीला मारून गोठ्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मोडू देनार न्हाय."

"शब्द दिलावता तू. सगल्यांदेखत."

"दिलावता. आता सगल्यांदेखत मोडते."

केसरीनाथांचा चेहरा लाल झाला. "या घरान शब्द मोडत न्हाय कुनी!"

"मंग मी पयली. बाबा, आज फसवून जिंकून आले असते तर तुमीच गावभर पेढे वाटले असते. ते माज्यानं झालं न्हाय. मी हरले, हरले म्हनूनच सांगते. पन गोठा सोडत न्हाय. ही माजी कुतरी हायत, मी वाढवलीत, आन् हितंच ऱ्हातील. उद्यापास्नं ताडपत्री बी न्हाय टाकनार. पाहुन्यांनी बगू दे."

काळूरामनं एकदा मालकाकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि पहार भिंतीला टेकवून ठेवली. लवंगी त्या पहारीकडे बघून गुरगुरली. भाविक दोन पावलं पुढं आला आणि बायकोच्या शेजारी, थोडासा मागंच, पण उभा राहिला.

"आन् हापिस कुठं बांधू?" केसरीनाथ गरजले. "माज्या डोक्याव?"

"तुमची गाडी ठेवता त्या रस्त्याकडच्या शेडमदी बांधा," मृणाली म्हणाली. "गाडी उनात ऱ्हायली तर मरत न्हाय."