ना हरकत पत्र

“तुम्हीच लिहिलंय ना? मग तुम्हीच वाचा,” असं म्हणून इस्त्रीवाल्या मावशीने नोटीस माझ्या हातात परत दिली.

तिला वाचता येत नव्हतं असं नाही. गठ्ठ्यांवर फ्लॅटचे नंबर आणि ‘बटण आधीच तुटलेलं’ असे शेरे ती स्वतःच लिहायची, आणि अक्षर माझ्यापेक्षा बरं होतं. पण टपरीपुढे चार गिऱ्हाइकं उभी होती, दोन ड्रायव्हर होते, आणि तिला मला त्यांच्यासमोर वाचायला लावायचं होतं. इमारतीचा चिटणीस म्हणून मला पळही काढता येईना.

मी वाचलं. “गेटलगतच्या टपरीत होणाऱ्या कोळशाच्या वापरामुळे परिसरातील हवेच्या गुणवत्तेवर विपरीत परिणाम होत असल्याचे निदर्शनास आले असून, सदर टपरी पंधरा दिवसांच्या आत हटवण्यात यावी.”

वाक्य चांगलं होतं. छत्तीस वर्षं ऑफिसात मी दुसऱ्यांच्या सहीसाठी अशीच वाक्यं लिहिली. ‘सदर’ कुठे घालावा हे मला झोपेतही कळतं.

“निदर्शनास कुणाच्या आलं?” एका शर्टाच्या बाहीवर इस्त्री फिरवत तिने विचारलं.

“समितीच्या.”

“समिती इथे येऊन बघून गेली? मला नाही दिसली बाई. मी तर बावीस वर्षं इथेच उभी आहे.”

ड्रायव्हर हसले. मी नोटीस तिच्या टेबलावर ठेवली आणि निघालो. मावशी माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल, पण सगळी इमारत तिला मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. टपरी तिने आणि तिच्या नवऱ्याने मिळून टाकली होती. पत्र्याची चार भिंतींची पेटीच ती, आत दोन टेबलं, त्यांवर दुमडलेली घोंगडी. नवरा सहा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्याच्या टेबलावर ती गठ्ठे ठेवते.

हे हवेचं प्रकरण नोटीस निघाली त्याच वर्षी सुरू झालं. पालिकेकडून मोबाइलवर संदेश यायला लागले: आज हवा वाईट, लहान मुलांनी आणि ज्येष्ठांनी बाहेर पडू नये, खिडक्या बंद ठेवा. सुरुवातीला आम्ही ते वाचून पुसून टाकायचो. मग ते रोज यायला लागले आणि इमारतीत ‘शुद्ध हवा समिती’ निघाली. अध्यक्ष अर्थातच इमारतीचे अध्यक्ष, चिटणीस अर्थातच मी. वाळलेली पानं जाळणं आम्ही बंद केलं, ते चांगलंच झालं. आठवड्यातून एक दिवस कुणी गाडी काढायची नाही असंही ठरलं. तो दिवस उजाडला तेव्हा प्रत्येकाला नेमकं त्याच दिवशी तातडीचं काम निघालं. मग वर्गणी काढून हवेतली धूळ मोजायचं यंत्र आणलं आणि गेटच्या खांबावर बसवलं. आकडा दीडशेच्या खाली येईना. आता एवढा खर्च केल्यावर कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला हवंच. धूर डोळ्यांना दिसत होता तो एकाच ठिकाणी.

दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः समितीच्या बैठकीला आली. बोलावलं नव्हतं. दारातच उभी राहिली.

“चार दिवस टपरी बंद ठेवते,” ती म्हणाली. “तुमचं यंत्र आहे तिथेच राहू द्या. आकडा उतरला तर मी माझ्या हातांनी पत्रे काढून नेते, पंधरा दिवस कशाला? नाही उतरला तर हा कागद तुम्ही फाडायचा. सगळ्यांसमोर.”

“ही काय पैज आहे?” अध्यक्ष म्हणाले.

“मग काय आहे? तुमच्या यंत्रावर तुमचाच विश्वास नाही का?”

अध्यक्षांचा हात दगडाखाली सापडला. त्यांना हो म्हणावं लागलं.

चार दिवस मावशीने इस्त्री पेटवली नाही. पण घरीही बसली नाही. गेटपाशी एक खोका उपडा घालून त्यावर बसून राहायची. मी सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत उतरवायचो. आधीची सरासरी होती एकशे बहात्तर. पहिल्या दिवशी एकशे सत्तर, दुसऱ्या दिवशी एकशे एक्क्याऐंशी, मग एकशे पासष्ट, मग एकशे अठ्ठ्याहत्तर. चौथ्या दिवशी तिने माझ्या वहीत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, “चिटणीससाहेब, आता माझं पण लिहून घ्या. अध्यक्षांची गाडी सकाळी वीस मिनिटं याच खांबाखाली उभी असते. इंजिन चालू. आत गारवा व्हावा म्हणून. त्यांच्या मागे अजून पाच. शाळेची बस पंधरा मिनिटं. तुमच्या जावयाची गाडी काल संध्याकाळी अर्धा तास.”

जावयाचं मी लिहिलं नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण काय उगीच पडली आहे?

अध्यक्ष काही हार मानणारे गृहस्थ नव्हते. “वारा नव्हता चार दिवस,” ते मला म्हणाले. “आणि खांबावर मोजून काय होणार? जिथे धूर निघतो तिथे मोजा. टपरीच्या आत यंत्र ठेवा आणि काय आकडा येतो तो सर्वसाधारण सभेपुढे मांडा. मग बघतो ती काय बोलते.”

पाचव्या दिवशी सकाळी मी यंत्र घेऊन टपरीत गेलो. मावशी तेव्हाच निखारे इस्त्रीत भरत होती. तिने नवऱ्याच्या टेबलावरचा एक गठ्ठा बाजूला सारून यंत्राला जागा करून दिली. बावीस वर्षांत मी त्या टपरीत पहिल्यांदाच आत उभा राहिलो होतो. एरवी आम्ही कपडे बाहेरूनच देतो. दोन मिनिटांत माझे डोळे चुरचुरायला लागले. ती पुठ्ठ्याने वारा घालत होती आणि राख उडून छताच्या पत्र्याला लागत होती. पत्रा आतून काळा झाला होता.

आकडा दोनशेवर गेला, तीनशेवर गेला. पाचशे बारावर जाऊन थांबला. मी मनात म्हणालो, झालं, अध्यक्ष जिंकले.

मावशीने वाकून आकडा पाहिला. “हा माझा?”

“हो.”

“तुमच्या घरात किती असतो?”

“खिडक्या लावून एकदा मोजला होता. साठ-सत्तर.”

“आणि मोबाइलवर ते खिडक्या लावा म्हणून सांगतात, ते कितीला?”

“दीडशेला.”

तिने इस्त्री टेबलाच्या कडेला लोखंडी पट्टीवर ठेवली. तिला हिशेब सांगायची गरज नव्हती. माझ्या मात्र आत्ता कुठे डोक्यात प्रकाश पडत होता. आम्ही इतके दिवस मोजत होतो ते तिच्या धुराचं आमच्यापर्यंत काय येतं ते. ती त्या धुरात सकाळी सात ते संध्याकाळी सात उभी असते, हे समितीच्या निदर्शनास आलं नव्हतं.

“आमचे हे चार वर्षं खोकत होते,” ती म्हणाली. “डॉक्टरने विचारलं, बिडी ओढता का? हे म्हणाले, नाही. पुढच्या खेपेला परत तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टर ह्यांना सोडून माझ्याकडेच बघायला लागला. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस उगीच कशाला विचारेल? मी घरी येऊन ह्यांचे खिसे तपासायचे. कपडे हुंगायचे. धुराचा वास यायचाच ना कपड्यांना. माझ्याही यायचा, पण ते माझ्या ध्यानातच आलं नाही. खूप भांडले मी. पोरीची शपथ घातली, तरी म्हणायचे, नाही गं ओढत. शेवटचे दोन महिने धड बोलले नाही त्यांच्याशी. खोटारडा म्हणायचे तोंडावर.”

मी यंत्र बंद केलं.

मावशीने इस्त्रीचं झाकण उघडलं, निखारे घमेल्यात ओतले आणि वर कपडे शिंपायचं पाणी टाकलं. टपरीभर वाफ झाली.

“अध्यक्षांना सांगा,” ती म्हणाली, “आजपासून इथे एक कोळसा पेटणार नाही. आणि मी इथून हलणार पण नाही. वीज मागून मागून थकले मी. तीनदा अर्ज दिला. वीज ऑफिसवाले म्हणाले, इमारतीचं ना हरकत पत्र आणा. तुम्ही तीनदा नाही म्हणालात. आता वायर येईपर्यंत मी नुसती बसणार.”

घरी येऊन मी जुनी फाइल काढली. तिन्ही अर्ज होते, तिच्या सुबक अक्षरातले. पहिल्या दोन अर्जांवर नवऱ्याची सही होती. प्रत्येकाला लावलेलं उत्तर माझं. ‘सुरक्षेच्या कारणास्तव सदर विनंती मान्य करता येत नाही.’ तिन्ही वेळा अगदी तेच वाक्य, स्वल्पविरामही न बदलता. मला ती पत्रं लिहिल्याचं आठवतसुद्धा नव्हतं.

मावशी खरोखरच नुसती बसली. रोज सातला टपरी उघडायची, थंड इस्त्री टेबलावर, आपण स्टुलावर. कुणी गठ्ठा आणला की म्हणायची, “ठेवा. वायर आली की करते.” अर्ध्या इमारतीने घरच्या इस्त्रीवर हात भाजून घेतले. आठव्या दिवशी अध्यक्ष एका लग्नाला निघाले, तेव्हा त्यांचा शर्ट पाहून वॉचमनने तोंड दुसरीकडे फिरवलं. त्यांनी दुसरी इस्त्रीवाली शोधायला सांगितली, पण माझ्या बायकोने मला बजावलं, “खबरदार जर शोधलीत. आणि सभेत तोंड उघडा जरा, नुसतं लिहू नका.”

सभा अकराव्या दिवशी भरली. अध्यक्षांनी पाचशे बाराचा आकडा सांगितला. “बघा, हे असलं विष आपल्या गेटवर आहे,” ते म्हणाले. त्यांचं म्हणणं संपल्यावर मी उठलो. मी चार दिवसांचे आकडे वाचले, मग खांबाखाली कुणाकुणाची गाडी किती मिनिटं उभी होती ते वाचलं, जावयासकट. शेवटी तिचे तीन अर्ज आणि माझी तीन उत्तरं वाचली.

“विष तिला आपण पाजलं,” मी म्हणालो. “सहीनिशी.”

अध्यक्षांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “चिटणीस कुणाच्या बाजूने आहेत?”

“अहो, बाजू कसली?” मागून माझी बायको म्हणाली. “कपडे द्यायला जाते तर मी दोन मिनिटं थांबत नाही तिथे. ती बारा तास थांबते. नोटीस आधी फाडा, तुमचा शब्द होता तो.”

नोटीस फाडली गेली. गेटपाशी गाडी उभी करायची तर इंजिन बंद, असा ठराव झाला. वायरीच्या बाजूने एकोणीस हात वर आले, विरोधात सात. अध्यक्षांनी हात वर केला नाही, पण पत्रावर सही करीन म्हणाले. सभेचा रंग त्यांना पाहताक्षणी कळतो.

पत्र लिहायला मी दुसऱ्या दिवशी टपरीतच गेलो. नवऱ्याच्या टेबलावर कागद ठेवून लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. “रहिवाशांच्या आरोग्याचा विचार करता, सदर टपरीस वीजजोडणी देण्यास इमारतीची हरकत नाही.”

“रहिवाशांच्या?” मावशी म्हणाली. “आणि माझ्या छातीचं काय?”

“तेच ते. वीज आली की सगळ्यांचंच भलं.”

“तेच आहे तर लिहायला काय जातंय?”

मी नवा कागद घेतला. ‘टपरीत बावीस वर्षे काम करणाऱ्या महिलेच्या आणि’ असं आधी घातलं.

“आता ह्यांचं लिहा. सोळा वर्षं इथेच उभे होते ते.”

“मावशी, ते आता नाहीत. वीज ऑफिसला काय करायचंय त्याचं?”

“नाहीत म्हणूनच लिहा. आणि बिडी ओढत नव्हते, हे पण लिहा.”

मी पेन खाली ठेवलं. ना हरकत पत्रात असलं काही घालत नाहीत, असं मी तिला समजावून सांगितलं. पत्राला एक पद्धत असते, कारकून परत पाठवेल, काम अडेल.

“अडू दे,” ती म्हणाली. “तुम्ही तीनदा ‘सुरक्षेच्या कारणास्तव’ लिहिलंत. कुणाची सुरक्षा, मी विचारलं? मी त्यांना तोंडावर खोटारडा म्हटलंय, चिटणीससाहेब. आता ते ऐकायला नाहीत. निदान कागदावर तरी खरं राहू दे. शिक्क्याचा कागद पाहिजे मला.”

मी लिहिलं. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

वीज ऑफिसात आम्ही दोघं गेलो. खिडकीतल्या कारकुनाने पत्र वाचलं, मध्येच थांबला, चष्मा वर केला आणि ते वाक्य पुटपुटत पुन्हा वाचलं. “‘सदर टपरीत सोळा वर्षे काम करून मृत्यू पावलेले त्यांचे पती धूम्रपान करीत नव्हते.’ हे काय आहे? हे कशाला लिहिलंय?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

“खरं आहे म्हणून,” मावशी म्हणाली. “शिक्का मारा.”

रांगेतली माणसं ऐकत होती. कारकुनाने शिक्का मारला, पत्राला दोन भोकं पाडली आणि ते फाइलला लावलं.