स्क्रीनवरचा केस

कप्तानाने शर्टाचं टोक ओढून फोनची काच पुसली, डोळ्यांजवळ धरून पाहिली आणि मग अंगठ्याच्या नखाने खरवडली. केस तिथेच होता. लांब, काळाभोर, एका टोकाशी किंचित वळलेला. शेवटी वैतागून त्याने काचेवर जोरात बोट घासलं आणि स्क्रीनवर एकदम बुटांचं दुकान उघडलं.

"अरे चोरा," कप्तान म्हणाला.

आजूबाजूची सगळी टेबलं हसली. कप्तान म्हणजे या जाहिरातीच्या कंपनीचा मालक, आणि चोर म्हणजे ज्याने तो केस रेखाटला होता तो. ऑफिसात त्याच्या हुद्द्याचं नाव इतकं लांबलचक आणि परकं होतं की नातेवाइकांपैकी एकालाही ते धड उच्चारता येत नसे. घरी तो नकट्या होता, आणि आपल्याला तेवढं पुरे आहे.

मोबाइलवर बातम्या वाचताना मध्येच जाहिरात येते. ती कुणी बघत नाही. समारंभात नावडत्या नातेवाइकावरून नजर सरकवावी तशी लोक तिच्यावरून नजर सरकवतात. नकट्याने हे हेरलं होतं. त्याच्या जाहिरातीत मजकूर नव्हता, चित्र नव्हतं. पान उघडायला वेळ लागतोय असं वाटावं असा नुसता पांढरा स्क्रीन, आणि त्यावर एक केस. माणूस तो झटकायला जातो, बोट काचेला लागतं, बुटांचं दुकान उघडतं आणि एक गिऱ्हाईक आल्याची नोंद होते. केस खरा वाटावा म्हणून त्याने जिवाचं रान केलं होतं. त्याची बारीक सावली, मधली जाडी, टोकाकडचं निमुळतेपण, सगळं त्याने पुन्हा पुन्हा काढलं आणि पुसलं होतं.

"आलेल्यांपैकी बहुतेक लोक लगेच बंद करून निघून जातात," आकडे बघणारी मुलगी म्हणाली. रोज हिशेब तीच मांडत असल्यामुळे तिला उगाच हुरळून जाणं परवडत नसे.

"येतात ना? पाहुणा का आला, असं दारात उभं करून विचारू नये," कप्तान म्हणाला.

पुढच्या काही आठवड्यांत पाहुणे लोटले. बूटवाले खूश झाले, जाहिरातीची मुदत वाढली, आणि कप्तानाने भर बैठकीत नकट्याला उभं करून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. नकट्याला लाजल्यासारखं झालं, पण आवडलंही. हे असं फसवणं बरं नव्हे, असं मनाच्या कोपऱ्यात कुठेतरी होतं. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं. कुणाचं काय जातं? एक बोट तर फिरवायचं.

टाळ्यांच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. ताई कामाच्या वेळी कधी फोन करत नसे.

"आज येशील? आजच ये," ती म्हणाली. "हे नाहीयेत घरी."

तिच्या आवाजात काहीच नव्हतं. नकट्या अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला.

ताईच्या छातीतली गाठ काढून बरेच महिने झाले होते, आणि केमो अजून चालू होती. केस पहिल्या फटक्यातच गेले. मग भुवया गेल्या, तोंडाची चव गेली, जिना चढण्याची ताकद गेली. टिकून राहिले ते भावोजी. तिचं जेवण, औषधं, दवाखान्याच्या खेपा, मध्यरात्रीच्या उलट्या, सगळं त्या माणसाने एकहाती केलं. वर तोंडातून चकार शब्द नाही. नकट्या रविवारी यायचा, खुर्चीच्या कडेवर बसायचा, हवापाण्याच्या गप्पा मारायचा आणि घड्याळाकडे न बघण्याची काळजी घेत तास काढायचा. भावोजींसारखा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं तो सगळ्यांना सांगे. ते त्याला मनापासून वाटायचंच, पण त्यात स्वतःची सुटकाही होती. भावोजी होते म्हणून त्याला खुर्चीच्या कडेवर बसून भागत होतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरताच त्याला भिंतीशी ठेवलेली बॅग दिसली. भावोजींची तपकिरी बॅग, चेन लावलेली, वर त्यांचा दाढीच्या सामानाचा डबा.

ताई पलंगावर उशीला टेकून बसली होती. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला.

"भावोजी कुठे निघालेत?"

"चाललेत. मीच जा म्हटलं. संध्याकाळी बॅग न्यायला येतील."

"आणि तुझं कोण करणार?"

"बघू."

नकट्या आज खुर्चीत नीट मागे सरकून बसला. ताईने पांघरुणाची सुरकुती हाताने सपाट केली, ती पुन्हा वर आली, तिने पुन्हा सपाट केली.

"परवा दुपारी मी अशीच पडले होते. हे इथे पायांशी बसून फोनवर बातम्या वाचत होते. गॅसवर दूध उतू जायला लागलं म्हणून फोन तसाच टाकून पळाले. इथे, माझ्या हाताशी. फोन चालूच होता. पांढराशुभ्र स्क्रीन, आणि त्यावर एक केस."

नकट्या खुर्चीत पुढे सरकला.

"लांब. एवढा," तिने दोन बोटं ताणून दाखवली. "आता या घरात लांब केस कुणाला आहेत, सांग. मला नाहीत. ह्यांना तर लग्नातही नव्हते."

"तू हात लावून बघितलास?"

"दुसऱ्याच्या फोनला हात लावायची सवय नाही मला. आणि तेवढ्यात स्क्रीन काळा झाला."

नकट्याचे कान तापले. तो केस आपल्याइतका दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हता; तो कुठे वळतो, कुठे बारीक होतो, हे तो डोळे मिटून सांगू शकला असता. आधी त्याला धरणीने दुभंगून आत घ्यावं असं वाटलं. पण पाठोपाठ दुसरी गोष्ट लक्षात आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. एवढंच होतं तर. आजार वाढला नव्हता, कुणी मेलं नव्हतं. एक गैरसमज होता, आणि तो दूर करणं त्याच्या, फक्त त्याच्या हातात होतं.

"एका केसावरून संसार मोडायला निघालीस?"

ताईने मान फिरवली. ती खिडकीकडे बघत राहिली. लहानपणापासून ती हट्टाला पेटली की अशीच बघायची, आणि हाही तसलाच हट्ट आहे असं त्याने धरून टाकलं.

तरी सांगणं सोपं नव्हतं. आपण नेमकं काय करतो, हे त्याने तिला कधी फोड करून सांगितलंच नव्हतं. भाऊ बँकेत असतो म्हणावं तसं ती नर्सना कौतुकाने सांगायची, "आमचा धाकटा मोबाइलमध्ये असतो." नर्स हसायच्या, मग तीही हसायची. लोकांनी बोट फिरवावं म्हणून आपला भाऊ खोटी घाण काढत बसतो, हे कळल्यावर ती काय म्हणेल? पण भावोजींची बॅग भिंतीशी भरून ठेवलेली होती. निरपराध माणूस घराबाहेर जात असताना स्वतःची लाज सांभाळत बसणं बरं दिसलं नसतं.

"ताई, तो केस मी काढलाय," तो म्हणाला.

तिने मान वळवली.

त्याने खिशातून फोन काढला, जाहिरात उघडली आणि फोन तिच्या तळहातावर ठेवला. पांढरा स्क्रीन, वर केस. ताई दचकली नाही. तिने रुमालाचं लोंबतं टोक धरून काच पुसली. बुटांचं दुकान उघडलं. नकट्याने ते बंद करून पुन्हा केस आणला. या वेळी तिने उघड्या बोटाने, सावकाश, केसाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा प्रयत्न केला. पुन्हा बूट.

मग तो बोलतच सुटला. लोक जाहिराती कशा टाळतात, त्यावर ही युक्ती कशी सुचली, सावली जमेपर्यंत किती वेळा काढावं लागलं, कप्तानाने नखाने काच कशी खरवडली. गरज होती त्याहून बरंच जास्त त्याने सांगितलं. ही गोष्ट लपवता आली असती आणि आपण ती लपवली नाही, याचं बोलता बोलता त्याला थोडं कौतुकही वाटू लागलं.

"म्हणजे केस नव्हताच," ताई म्हणाली.

"नव्हताच. भावोजींच्या फोनवर जाहिरात आली असणार. सगळ्यांनाच येते. बिचारे. तू त्यांना फोन लाव, मी माफी मागतो त्यांची. पाय धरीन हवं तर. चूक माझी आहे."

ताई त्या स्क्रीनकडे बघत होती. तिच्या कपाळावर, जिथे पूर्वी भुवया होत्या तिथे, एक आठी पडली आणि हळूहळू सुटली. कोडं सुटल्यावर माणसाचा चेहरा होतो तसा तिचा चेहरा झाला.

"असं होय. तरीच," ती म्हणाली.

"तरीच काय?"

"तिचे केस आखूड आहेत."

नकट्याला वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं.

"कुणाचे?"

ताईने फोन उपडा करून पांघरुणावर ठेवला. "ह्यांच्या ऑफिसातली आहे. मी पाहिलंय तिला, दवाखान्यात आली होती एकदा, फळं घेऊन. केस इथपर्यंत," तिने स्वतःच्या मानेला हात लावला. "परवापासून तेच डोक्यात घोळत होतं. म्हटलं, वाढवले असतील."

"पण... तुला कुणी सांगितलं?"

"ह्यांनीच. मी ओरडले नाही, काही नाही. दूध उतरवून हे आत आले तेव्हा एवढंच विचारलं, तुमच्या फोनवर केस कुणाचा? ह्यांनी फोन उचलून बघितलासुद्धा नाही. खालीच बसले, जमिनीवर. आणि सांगायला लागले. मी विचारलं नव्हतं तेसुद्धा सांगितलं. किती दिवस, कुठे, सगळं."

स्वयंपाकघरात फ्रीज घरघरत होता. नकट्याने उपडा फोन उचलून खिशात टाकला. भावोजींचा राग यायला हवा होता, पण आधी राग आला तो स्वतःच्या लांबलचक बडबडीचा. एवढा वेळ तो ज्या माणसाला निर्दोष सोडवत होता, त्याने दोन दिवसांपूर्वीच गुन्हा कबूल करून बॅग भरली होती.

"ती जाहिरात मी बंद करायला लावतो. उद्याच," तो म्हणाला. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलला.

"आता कशाला?"

ताईने पुन्हा ती सुरकुती सपाट केली.

"मला संशयसुद्धा नव्हता रे. कधीच नव्हता. रात्री हे तांब्या घेऊन माझ्या पाठीवरून हात फिरवत बसायचे, तेव्हा मला वाटायचं, आजार आला पण माणूस कळला." तिचा आवाज फाटला नाही, नुसता बारीक झाला. "थोडेच दिवस राहिलेत उपचारांचे. तेवढे पार पडेपर्यंत मला कळलं नसतं तर चाललं असतं. नंतर कळलं असतं तर मी पेललं असतं."

नकट्याने तिचा हात हातात घेतला. सुयांनी निळा पडलेला तो हात इतका हलका झाला असेल, हे त्याला माहीत नव्हतं. एवढ्या रविवारांत त्याने तो एकदाही धरला नव्हता.

बेल वाजली. भावोजींकडे घराची किल्ली होती, आणि दार तर उघडंच होतं. तरी ते बाहेर उभे राहिले होते.

ताईने हात सोडवून घेतला, रुमाल कपाळावर नीट ओढला आणि उशीवर ताठ बसली.

"जा, त्यांची बॅग दे," ती म्हणाली. आणि तो उठल्यावर हळू आवाजात, "नकट्या, ते केसाचं त्यांना बोलू नकोस हं."

"का?"

"वाटू दे त्यांना, माझं मी ओळखलं."

त्याने मान हलवली आणि बॅग उचलायला गेला.