शिडीच्या चौकशीचा खर्च

आमची मुलगी येते आहे ही बातमी माझ्या बायकोने सगळ्यात आधी रेडिओवरून दिली. हवामान सांगणं हे तिचं कामच. दुपारच्या बातम्या संपल्या आणि ती नेहमीच्या थंड आवाजात सांगू लागली, "किनारपट्टीवर आकाश अंशतः ढगाळ राहील. वाऱ्याचा वेग..." तिथे ती थांबली. मग घराघरात ऐकू गेलं, "आई गं!" पाठोपाठ घाईघाईने कुणीतरी गाणं लावलं.

डॉक्टरांनी दिलेली तारीख अजून बरीच लांब होती. मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावत होतो. रेडिओ चालू होता. आजोबांना अक्षरं दिसत नव्हती, पण कान तिखट होते. "ही हवामानवाली तुमचीच ना? मग माझ्या तोंडाकडे काय बघताय? पळा!" मी पळालो. त्यांच्या नाकावरची चाचणीची फ्रेम तशीच राहिली, हे मला दोन चौक ओलांडल्यावर आठवलं.

माझी आई बायकोला घेऊन आधीच दवाखान्यात पोचली होती. सासरे बोटीवर नोकरीला, ते समुद्रात कुठेतरी. राहिले दोघं, माझे वडील आणि माझ्या सासूबाई. ते विधानभवनात होते, आणि एकमेकांशी भांडत होते. यात नवीन काही नव्हतं. दोघंही सभागृहाचे सदस्य. बाबा सत्ताधारी बाकावर, सासूबाई बरोबर समोर, विरोधात.

भांडण शिड्यांवरून होतं. सरकारने आग विझवणाऱ्या नव्या कोऱ्या गाड्या घेतल्या होत्या. लालभडक, घंटा लावलेल्या, दृष्ट लागावी अशा. फक्त त्यांच्या शिड्या दुसऱ्या मजल्याच्या वर जात नव्हत्या. बोंबाबोंब झाल्यावर चौकशी समिती नेमली गेली. अशा समितीचं अध्यक्षपद विरोधकांना द्यायची पद्धत, म्हणून ते सासूबाईंकडे आलं. त्या मूळच्या वकील, चौकशी म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. पण समित्यांना पैसे द्यायचे की नाही हे ठरवते खर्च समिती, आणि तिचे अध्यक्ष होते बाबा.

बाबा पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. सभागृहातही त्यांना सगळे मास्तरच म्हणतात. साबणाची झिजलेली चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरणारा हा माणूस. सासूबाईंनी एक अभियंता, एक टंकलेखक आणि फिरायला एक गाडी मागितली. बाबांनी एक खोली दिली. खोलीत टेबल होतं. खुर्च्यांबद्दल विचार करू म्हणाले.

"चौकशीला आम्ही कुठे नाही म्हटलंय?" ते सभागृहात म्हणाले. "खुशाल करा. चौकशीला डोळे लागतात, ते सन्माननीय सदस्यांना आहेत."

"पैसे न देता चौकशी करा म्हणणं म्हणजे पाणी न देता आंघोळ करा म्हणण्यासारखं आहे," सासूबाई म्हणाल्या. "अर्थात, कोरडी आंघोळ सत्ताधाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली दिसते."

महिनाभर हे असं चाललं होतं. बाबांच्या पक्षाला वाटे, चौकशीच्या नावाखाली विरोधक सरकारी खर्चाने निवडणुकीचा प्रचार करणार. सासूबाईंच्या पक्षाला वाटे, सरकारने काहीतरी खाल्लंय म्हणून तिजोरीवर बसून राहिलंय. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर 'समिती' हा शब्द काढायचा नाही असा बायकोने दंडक घातला होता. त्यामुळे दोघं मिठावरून भांडायचे.

त्या दुपारी पैशांच्या मागणीवर मतदान व्हायचं होतं. दोन्ही बाजूंचं बळ जवळपास सारखं, इकडचा एखादा सदस्य शिंकायला बाहेर गेला तरी निकाल फिरावा अशी परिस्थिती. सासूबाई उभ्या राहून बोलत होत्या, "सत्ताधारी पक्षाला सत्याची एवढी भीती का वाटते, हे मला..." इतक्यात दार धाडकन उघडलं आणि उपाहारगृहाचा आचारी हातातल्या झाऱ्यासकट आत घुसला. त्याला तिथे यायची परवानगी नव्हती. झाऱ्याला तर नव्हतीच.

"बाई! मास्तर!" तो ओरडला. "रेडिओवर ती 'आई गं' म्हणाली!"

सभापती वयस्कर, नियमाला धरून चालणारे. ते म्हणाले, "सन्माननीय सदस्यांनी आपलं वाक्य पूर्ण करावं."

"वाक्य जाऊ दे खड्ड्यात," सासूबाई म्हणाल्या. "माझी लेक बाळंत होतेय!"

दोन्ही बाजूंनी एकदम बाकं वाजली. बाबा उठले, बसले, पुन्हा उठले आणि शेजाऱ्याचा चष्मा घालून दाराकडे निघाले. हे मी चष्मेवाला म्हणून सांगतो, त्या शेजाऱ्याचा नंबर बाबांच्या दुप्पट आहे. त्यांना दारं दोन दिसली असणार, कारण ते मधल्या खांबावर गेले.

पण असं उठून जाता येत नव्हतं. दोन्ही पक्षांचे प्रतोद, म्हणजे मतदानाला माणसं हाकून आणणारे, दारात आडवे उभे राहिले.

"बाई, बाळंतपण अर्धा तास थांबणार नाही का?" सासूबाईंच्या प्रतोदाने विचारलं.

सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो बाजूला झाला.

सभागृहात एक जुना रिवाज आहे. दोन्ही बाजूंचा एकेक सदस्य मिळून बाहेर गेला, तर कुणाचंच नुकसान होत नाही. त्याला जोडी लावणं म्हणतात. प्रतोदांनी दोघांना समोरासमोर उभं करून, आत येणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. मागून कुणीतरी ओरडलं, "जोडी छान दिसतेय!" त्यावर सभापतीसुद्धा हसले म्हणतात.

टॅक्सीत दोघं दोन खिडक्यांना चिकटून बसले. बाबांना दवाखान्याची मनापासून भीती वाटते. भीती वाटली की ते पाढे म्हणतात. त्यांनी एकोणतीसचा पाढा सुरू केला. आधी मनात, मग पुटपुटत, मग चांगला खणखणीत. टॅक्सीवाला आरशातून बघायला लागला.

"एकोणतीस सत्ते एकशे त्र्याण्णव..."

"दोनशे तीन," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"काय?"

"दोनशे तीन, व्याहीबुवा. एकोणतीस सत्ते दोनशे तीन."

बाबांनी बोटांवर पाहिलं. चेहरा पडला. "आयुष्यात पहिल्यांदा चुकलो हो, विहीणबाई."

"आयुष्यात पहिल्यांदा? तुमचा अर्थसंकल्प वाचलाय मी!"

आणि बाबा हसले. बाबांचं हसणं उशिरा सुरू होतं, पण सुरू झालं की थांबत नाही. ते बघून सासूबाई हसायला लागल्या. टॅक्सीवाल्याला कशाचाच पत्ता नव्हता, पण तोही हसत सुटला आणि दवाखान्याचं फाटक मागे टाकून सरळ पुढे गेला.

मी बाहेरच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होतो. हे दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, डोळे पुसत जिना चढून आले तेव्हा मी धावतच पुढे गेलो.

"काय झालं? कोण गेलं?"

"एकोणतीस सत्ते!" बाबा कसेबसे म्हणाले, आणि दोघं बाकावर कोसळले.

त्याच क्षणी आतून रडण्याचा आवाज आला. बारीक, पण तक्रार अगदी स्पष्ट. थोड्या वेळाने नर्स एक गाठोडं घेऊन आली. "मुलगी. दोघी ठणठणीत." मी हात पुढे केले, पण मला कोण विचारतो? गाठोडं आधी सासूबाईंकडे गेलं, तिथून बाबांकडे. बाबांनी ते उत्तरपत्रिका धरावी तसं डोळ्यांजवळ धरलं. शेजाऱ्याचा चष्मा अजून नाकावरच होता. त्यांना नात दुप्पट मोठी दिसत असावी.

"विहीणबाई," ते गदगदून म्हणाले, "घ्या हो तुम्ही पैसे."

"कसले पैसे?"

"समितीचे! अभियंता घ्या. दोन घ्या! गाडी घ्या, खुर्च्या घ्या! उद्या ही शाळेत जाईल, शाळा असेल तिसऱ्या मजल्यावर, आणि शिडी येणार दुसऱ्यापर्यंत? ते काही नाही. हवे तेवढे घ्या."

"नको हो!" सासूबाईंच्याही डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "तुमचंच बरोबर होतं. लोकांचा पैसा तो. समित्यांवर उधळला तर हिच्या शाळेला काय उरणार? मी आपली पायी फिरेन."

"पायी का म्हणून? मी देतोय ना!"

"पण मी घेत नाहीये ना!"

"सत्य बाहेर यायला खर्च हा होतोच!"

"हीच ती उधळपट्टी! तुमच्यासारख्या माणसांनी देश धुळीला मिळवला!"

महिनाभर जे युक्तिवाद एकाने केले, तेच आता दुसरा करत होता, आणि तितक्याच त्वेषाने. मला तर आधीचेच बरे वाटले होते. नर्स परत आली. "भांडायचं असेल तर खाली अंगणात. आणि बाळ आधी इकडे."

मग बाळ एकदाचं माझ्या हातात आलं. तिचं नाक माझ्या आईवर गेलंय, हे मी तिथेच ठरवून टाकलं. खिडकीतून खाली अंगण दिसत होतं. झाडाच्या एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला सासूबाई, दोघांच्या कानाला फोन, आणि दोघंही हातवारे करत होते.

तिकडे सभागृहात मतदान सुरू होणार एवढ्यात दोन्ही प्रतोदांचे फोन थरथरले. सत्ताधारी प्रतोद ऐकून पांढराफटक पडला, पण खर्चाच्या बाबतीत मास्तरांचा शब्द शेवटचा, म्हणून उभा राहिला आणि म्हणाला, "सभापती महाराज, आमचा या मागणीला पाठिंबा आहे." त्याच वेळी समोरचा प्रतोद उभा राहून म्हणाला, "सभापती महाराज, आम्ही मागणी मागे घेतो."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांच्याही मनात एकच विचार आला. यात काहीतरी काळंबेरं आहे.

"मागे घ्यायला आमची हरकत आहे!" सत्ताधारी गरजले. त्यांना वाटलं, नवीन पुरावा हाती लागला असणार, म्हणून विरोधक आणखी मोठी मागणी घेऊन येणार.

"सरकार एवढ्या खुशीने पैसे देतंय म्हणजे दगा आहे!" विरोधक ओरडले.

हरकत आली की मतदान घ्यावंच लागतं. सत्ताधाऱ्यांनी बाजूने मत दिलं, विरोधकांनी स्वतःच्याच मागणीच्या विरोधात, आणि मागणी थोडक्यात मंजूर झाली. निकाल ऐकून आधी कुणाला कळेना की टाळ्या कुणी वाजवायच्या. मग आचाऱ्याने दारातून झारा उंचावून सांगितलं, "मुलगी झाली!" आणि सगळ्यांनीच वाजवल्या. त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत कंसात 'हशा' इतक्या वेळा आलंय की शेवटी लघुलेखकाने वैतागून 'हशा चालूच' असं लिहून टाकलं.

बायकोला मी हे सांगितलं तेव्हा ती उशीत तोंड खुपसून हसली. "हसवू नकोस रे, दुखतंय! आणि वाऱ्याचा वेग कुणी सांगितला का पुढे?"

दुसऱ्या दिवशी दोघांना आपापल्या पक्षाच्या नेत्यांनी बोलावून घेतलं.

"मास्तर, तुम्ही शुद्धीवर होतात का?" बाबांना विचारलं गेलं.

"मुळीच नाही," बाबा म्हणाले. पण शब्द फिरवला नाही. फक्त दोनांतला एक अभियंता कापला. तो आनंदाच्या भरात दिला होता म्हणाले.

सासूबाईंना त्यांच्या नेत्याने विचारलं की पक्षाला पक्षाच्याच मागणीविरुद्ध मत का द्यायला लावलंत. त्या म्हणाल्या, "पैसे मिळाले ना? मग!"

अभियंता मिळाला, शिड्या तपासल्या गेल्या. त्या पुरेशा लांब निघाल्या! वाटेत हलू नये म्हणून कारखान्याने शेवटचा टप्पा बोल्ट लावून जखडला होता. तो काढायचा असतो हे शिकवायला प्रशिक्षण लागतं. प्रशिक्षणाचा निम्मा खर्च आधीच्या सरकारने, म्हणजे सासूबाईंच्या पक्षाने कापला होता, आणि उरलेला बाबांच्या पक्षाने. अहवालात दोन्ही लिहिलं. अहवाल एकमताने मंजूर झाला आणि दोन्ही पक्ष एकमताने नाराज झाले.

आता वाद प्रशिक्षणाच्या पैशांचा आहे. दोघं आपापल्या मूळ बाजूला परतलेत. रविवारी ते आमच्याकडे येतात. नात झोपते ती नेहमी एकाच्या मांडीवर, आणि ती उठली तर बायको दोघांनाही घराबाहेर काढते. म्हणून सगळं भांडण कुजबुजत चालतं. काल मी चहा घेऊन गेलो तेव्हा बाबा लालबुंद होऊन, ओठही नीट न हलवता म्हणत होते, "एक पैसा मिळणार नाही."

"बघतेच मी," सासूबाई तितक्याच हळू म्हणाल्या, आणि नातीच्या पायांवरचं सरकलेलं पांघरूण नीट केलं. "मान धरा तिची. मान धरा आधी."