नऊ मिनिटं मागे

आमच्या डुलुथच्या कंपनीचं काम एकच: शाळेची बस कुठे पोचली ते आईबापांना कळवायचं. सोमवारी सकाळी निरोप बंद पडले आणि उणे वीसच्या थंडीत मुलं रस्त्यावर ताटकळली. गुरुवारी बैठक होती. नव्याने लागलेल्या लिबान वारसमेचे उमेदवारीचे सहा महिने त्याच दिवशी संपत होते.

लॉग, म्हणजे मशीनमधल्या नोंदी, लिबानच्या विरुद्ध बोलत होते. त्याने ६:४९ला निरोपांचं सेटिंग बदललं आणि ६:५२ला निरोप थांबले.

"मी बंद पडल्यावर बदललं, मार्लिस," तो मला म्हणाला. "चालू करायला. कोणी ऐकतच नाही."

"मी तरी कुठे ऐकतेय? मी लॉग वाचते," मी म्हटलं.

आमची सगळी मशीन क्लाउडमध्ये, भाड्याची. प्रत्येक मशीन आपल्याच घड्याळाने नोंद करतं आणि माझी लॉगची सेवा त्या नोंदी एका ओळीत लावते. अठरा वर्षं मी हेच करतेय. माणूस खोटं बोलतो, लॉग नाही, असं मी दिमाखात सांगत आलेय.

मी नोंदी पुन्हा चाळल्या. लिबानचं मशीन दर थोड्या वेळाने निरोपाच्या मशीनला 'ठीक आहेस ना?' असं विचारतं. सोमवारी एक उत्तर तिकडून ६:४५ला निघालं आणि लिबानकडे ६:३६ला पोचलं. निघण्याआधी पोचलं! मी हातातली कॉफी खाली ठेवली.

बाकीच्या मशीनशी ताडून पाहिलं: लिबानचं घड्याळ नऊ मिनिटं मागे होतं. म्हणजे त्याने सेटिंग बदललं ते खरं ६:५८ला. निरोप त्याआधीच, ६:५२ला, मशीन आपोआप अडकून थांबले होते; ७:०१ला सुरू झाले, ते त्याच्यामुळेच.

घड्याळ मागे का? नवी मशीन ज्या साच्यातून निघतात, त्यात घड्याळ जुळवणं बंद होतं. लिबान आला त्या दिवशी त्याचं मशीन त्यातूनच काढलेलं, तेव्हापासून ते महिन्याला दीड मिनिट मागे पडत होतं. ते बंद कोणी केलं, हे शोधायला मला लॉग लागला नाही. एका चाचणीपुरतं मीच बंद केलं होतं आणि पुन्हा चालू करायला विसरले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आमच्या बैठकीचा नियम असा, की चुकीची चर्चा करायची पण नाव कोणाचं घ्यायचं नाही. तरी चार दिवस सगळ्यांची बोटं लिबानकडेच होती.

गुरुवारी बैठकीत मी उत्तराची ती नोंद पडद्यावर लावली आणि सगळं सांगितलं.

आमचा साहेब कर्ट सुटकेने हसला. "झालं तर! लिबान, तुझी नोकरी पक्की. अहवालात लिहितो, 'साच्यात एक त्रुटी राहिली.'"

"कोणाकडून?" मी विचारलं.

"मार्लिस, नाव नाही घालत आपण."

"चार दिवस याचं नाव अख्ख्या ऑफिसच्या तोंडी होतं, तेव्हा नियम कुठे गेला होता? लिही. घड्याळ जुळवणं मार्लिस ओडेगार्डने बंद केलं. आणि त्याच्या खाली लिही, निरोप लिबान वारसमेने चालू केले."

कर्टने लिबानकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही नावं लिहिली.