बिननावाचा पंप

माझ्या दुकानात कंपनीच्या डब्यातला माल छापील किमतीला जातो आणि बिननावाच्या मालाचा भाव रुमालाखाली होतो. बैलबाजारात करतात तसाच. गिऱ्हाइकाचा हात, माझा हात आणि वर रुमाल. बोटं धरून भाव सांगायचा, बाजूच्याला काही कळत नाही. अमरावतीचे बाकीचे स्पेअरपार्टवाले मला हसतात. हसोत बापडे. अब्दुल सत्तारच्या नजरेतून नग सुटत नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

निदान २००६ सालच्या त्या सकाळपर्यंत तरी सुटत नव्हता.

कापसाने तेव्हा सगळ्यांनाच झोपवलं होतं. अकोल्याची एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारी गिरणी, बंद पडली, तिच्या गोदामाचा लिलाव झाला आणि मी एक पोतं उचललं. त्यात मेणकागदात गुंडाळलेला, ग्रीसने लडबडलेला एक जड, कोरा नग होता. शिक्का नाही, नंबर नाही, एका बाजूने नुसता दांडा बाहेर आलेला. जिनिंगमधून आला म्हणजे जिनिंगचाच, असं मी छातीठोकपणे सांगितलं आणि आमच्या अख्ख्या लाइनीने माना डोलावल्या. तेव्हापासून तो दुकानाच्या दाराला टेकण म्हणून पडला होता.

भातकुलीचा देवमन मात्र वॉटर पंपासाठी माझ्याकडे खेटे घालत होता. त्याची जुनी फियाट भाड्याने फिरायची. गावातल्या निम्म्या सुना तिच्यातूनच सासरी आलेल्या. पंप म्हातारपणाने गेला आणि तसा नवा कुठे मिळेना. नमुना म्हणून जुना पंप त्याने माझ्या दुकानात तारेला टांगून ठेवला होता. त्या सकाळी तो आला आणि पंप तारेवरून काढायला लागला.

"काहून काढून राह्यले, देवमनभाऊ?"

"केशवराव भंगारवाले दुपारी येऊन राह्यले. गाडी पुरी पाह्यजे म्हनतात, पंपासकट."

"जराक थांबा ना."

"किती थांबू, सत्तारभाई? पोट तिच्यावरच होतं. आता वीटभट्टीवर जातो, दुसरं काय?"

तो गेला. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडतो. मागे वळलो तर माझी बायको रजियाबी! ईदच्या साफसफाईला आलेली. दाराचं टेकण उचलून ती घासलेटने खसाखसा घासत होती.

"नव्या मालाचं ग्रीस धुतलंस?" मी ओरडलो.

"चिल्लाते कायकू? ये पंखा तो देखो!"

मी बघितलं. कागद आणि ग्रीस गेल्यावर मागच्या बाजूला पाती निघाली होती. पाणी फिरवणारा पंखा! जिनिंगला पाणी कशाला लागतंय? आणि मग डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या जिनिंगच्या शेठकडे पांढरी फियाट होती. तिचे प्लग मीच विकले होते! शेठने जास्तीचा पंप घेऊन ठेवला असणार. देवमन ज्याच्यासाठी हिंडत होता, तो त्याच्या पायाशी पडलेला होता.

पण मापाला नमुना कुठे होता? तो देवमनच्या पिशवीतून गेला होता आणि माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. मी स्कूटरला लाथ मारली. रजियाबी पंप ओढणीत घेऊन मागे बसली. "मैंने धोया, मैं देखूंगी," म्हणाली.

वाटेत माझ्यातला व्यापारी जागा झाला. बिननावाचा माल कंपनीच्या अर्ध्या किमतीत जातो, पण जो कुठेच नाही त्याचा भाव मीच ठरवणार! दर गावाला मी तो वाढवत होतो. भातकुली दिसेपर्यंत मी जवळजवळ शेठ झालो होतो.

देवमनच्या दारात टेम्पो उभा होता आणि फियाटला साखळी लागली होती. त्याची बायको शालू पाठ करून उभी होती.

"थांबा!" मी ओरडलो.

केशवरावांनी पंप उलटापालटा केला. "ना शिक्का, ना नंबर. हे कायचं हाय, कोनाले ठाव?"

मी जुना पंप घेतला, नव्याच्या तोंडाला तोंड लावलं आणि उन्हात धरला. भोकाला भोक मिळालं. प्रत्येकातून आरपार उजेड दिसला.

"बसते!" देवमन किंचाळलाच.

आम्ही दोघांनी पंप बसवला. पाणी भरलं. रजियाबीने खाली वाकून बघितलं, एक थेंब गळत नव्हता. देवमनने चावी फिरवली. गाडी खोकली, पुन्हा खोकली आणि धरली! मी त्या अंगणात नाचलो, खोटं कशाला सांगू? शालू धावत आली आणि खिडकीतून हात घालून हॉर्न वाजवत सुटली. केशवराव साखळी सोडायला लागले.

देवमनने रुमाल काढला. मी हात खाली घातला आणि वाटेतला भाव काही बोटांत येईना. मी मूठ केली. त्याने बोट शोधलं, सापडलं नाही. त्याचा चेहरा उतरला.

"फुकटच्या पंपावर मी गाडी नाई चालवत, सत्तारभाई," तो हळूच म्हणाला आणि माझी मूठ उघडायला लागला. पाचही बोटं उघडली. मी मिटली. त्याने पुन्हा उघडली. माझ्या उभ्या आयुष्यात असा सौदा झाला नव्हता, विकणारा बोटं मिटतोय आणि घेणारा उघडतोय. शेवटी आम्ही दोघंही हसायला लागलो आणि एका जागी थांबलो.

"कितीत जमलं?" केशवरावांनी विचारलं.

"रुमालाखालचं बाहेर सांगत नसतात," देवमन म्हणाला.

परतताना रजियाबीनेही तेच विचारलं. मी तिलाही सांगितलं नाही.