निळ्या थेंबातले दाणे

चिझुरूने बोट टोचलं आणि काचपट्टीवरच्या दोन औषधांत, एका निळ्या आणि एका पिवळ्या, रक्ताचा एकेक थेंब सोडला. दोन्ही थेंब दोन वेगळ्या काड्यांनी ढवळून ती वाट पाहत बसली. मागे प्रयोगशाळा बघायला आलेला तिचा सगळा वर्ग दाटीने उभा होता.

"काय बघायचंय त्यात? ओ गट, दुसरं काय!" मोरिओ म्हणाला. "स्वेटर बघा बाईसाहेबांचा. उलटा घातलाय."

हशा पिकला. चिझुरूही हसली, पण तिची नजर काचेवरून हलली नाही.

त्या वर्षांत आमच्या गावात माणसाची पारख रक्तगटावरून होई. ए गटाची माणसं टापटिपीची, ओ गटाची मनमोकळी पण धांदरट. स्थळ बघताना, नोकरीला ठेवताना, लोक आधी तेच विचारीत. चिझुरूला रक्त तपासायचं शिक्षण घ्यायचं होतं. वर्गशिक्षक कुवाबारा सर त्यासाठी तिचं नाव सुचवायला तयार होते, पण आई हो म्हणेना. "ओ गटाची पोर आहे सर ती. कुणाचं रक्त कुणाच्या नावावर घालील!"

निळ्या औषधात बारीक लाल दाणे धरू लागले. पिवळं होतं तसंच राहिलं.

"बाई, दाणे आलेत."

प्रयोगशाळेतल्या ओबाताबाई वाकून बघू लागल्या. "निळ्यात दाणे म्हणजे ए."

"पण मी ओ आहे. जन्मले तेव्हापासून."

"तेव्हाच घोळ झाला असेल. तान्ह्या बाळाच्या रक्तात खुणा पुसट असतात. दाणे नीट धरत नाहीत, मग बघणाऱ्याला ओ वाटतं."

"बघणारं कोण?"

"माझ्यासारखंच कुणीतरी."

चिझुरूने बाईंकडे पाहिलं, मग पुन्हा काचेकडे.

"अरेच्चा! टापटिपीची निघाली की ही!" मोरिओ ओरडला. "म्हणजे स्वेटर मुद्दाम उलटा घातला असणार!"

कुवाबारा सरांचा चेहरा फुलला होता. "सुटलीस पोरी! आता आईचं काही चालायचं नाही. इथूनच फोन लावतो त्यांना." ते दाराकडे वळलेसुद्धा.

"सर, थांबा ना. मला पुन्हा करायचंय." ती ओबाताबाईंकडे वळली. "दुसऱ्या बाटल्यांतलं औषध मिळेल?"

"अगं, शाळेची बस खाली थांबलीय," सर म्हणाले. "आणि पुन्हा कशाला? तुला हवं होतं तेच आलंय ना?"

"म्हणून तर."

फोन न लावताच सर बस थांबवून ठेवायला जिना उतरले.

ओबाताबाईंनी न फोडलेल्या दोन बाटल्या आणि कोरी काचपट्टी तिच्यापुढे ठेवली, आणि स्वतः खुर्ची ओढून जरा लांब जाऊन बसल्या. चिझुरूने दुसरं बोट पुसायला घेतलं.